बाबांना सायकलवर कुठे नेऊ? (शिकागोच्या पश्चिमेला: माळ, पाणथळ, नदीकाठ)

अदिती_नेपरव्हिल
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे नेपरव्हिलला तीन महिन्यांसाठी येताहेत. ही तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांत नायगारा, डाउनटाऊन, मॉल, देवळं सगळं झालं. या वेळी बाबांनी फोनवर एकच गोष्ट मागितली, "मला सायकल चालवायची आहे. गाडीच्या काचेतून फार बघितलं."

बाबा ६९ वर्षांचे आहेत. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत नोकरी केली आणि ती जवळजवळ सगळी सायकलवर केली. डबा कॅरिअरला, घरी येताना हँडलला भाजीची पिशवी. निवृत्तीनंतर पुण्याची रहदारी बघून आईने सायकल बंद करायला लावली. आठ वर्षं पायडलला पाय लागलेला नाही. उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो.

मला सपाट रस्ता हवा आहे, गाड्या नसलेला, मध्ये बसायला बाक असलेला. वेग नको. थांबत, बघत, गप्पा मारत जायचं आहे. आईला सायकल येत नाही, पण तिला घरी ठेवून जायचं नाही. सुचवा.

हेमंत_बटाविया
फॉक्स नदीचा रस्ता, दुसरा विचारच करू नका. आल्गॉन्क्विनपासून अरोरापर्यंत नदीच्या काठाकाठाने जातो, बहुतेक डांबरी आहे, गावं जवळजवळ आहेत. पण सगळा करायला जाऊ नका. बटावियाच्या नदीकाठावरून निघा आणि उत्तरेला जिनिव्हापर्यंत जा. एका बाजूने जेमतेम तीन मैल. वाटेत फेबियन यांची जुनी डच पवनचक्की लागते. ती मुळात एकोणिसाव्या शतकात दुसरीकडे उभी होती. जॉर्ज फेबियन या धनाढ्य माणसाने विकत घेतली, सुटी केली आणि १९१५ मध्ये नदीकाठी आणून पुन्हा उभी केली. पूल ओलांडलात की पलीकडच्या काठावर त्यांचीच जपानी बाग आहे. आईंना गाडीने तिथे सोडा, तुम्ही दोघं सायकलने पोचा.

चक्रधारी
तीन मैल म्हणजे सायकल बाहेर काढायचा त्रास जास्त. ज्या माणसाने आयुष्यभर खडकीला सायकल मारली त्याला तीन मैलांवर अडवू नका हो. एल्जिनपासून अरोरा धरा, २० मैलांच्या पुढे जाईल. सपाट आहे, सकाळी सहाला निघालात तर अकराच्या आत आटपतं.

हेमंत_बटाविया
@चक्रधारी, आटपायचं कशाला? मूळ प्रश्न पुन्हा वाचा, "थांबत, बघत, गप्पा मारत." आठ वर्षांनी पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला २० मैल नेलंत तर दुसऱ्या दिवशी खुर्चीवरही बसता येणार नाही. पाय जुनं विसरत नाहीत, पण बूड विसरतं.

डबलसीट
बूड विसरतं 😂 याला अनुमोदन.

सुमेधा_जी
सायकल कुठली देणार आहात? माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही मधली दांडी खाली असलेली घेतली. पाय उंच टाकून बसावं लागत नाही, थांबताना दोन्ही पाय लगेच टेकतात. त्यांनी बघितल्याबरोबर विचारलं, "ही लेडीज सायकल मला?" दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर गॅरेज उघडं आणि सासरे गायब.

आणि एक. इथल्या बऱ्याच वाटा डांबरी नाहीत, चुनखडीचा बारीक चुरा दाबून केलेल्या आहेत. बारीक टायरची सायकल तिथे पावसानंतर रुतते. थोडे रुंद टायर घ्या आणि हवा जरा कमी ठेवा.

श्रीरंग
नदीकाठ समजू शकतो. पण शीर्षकात "माळ" कशासाठी? मी १९ वर्षं इलिनॉयमध्ये आहे. हायवेच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, उरलेलं गवत. गवतात म्हाताऱ्या माणसाला काय दाखवणार?

पाणकणीस
@श्रीरंग, हायवेवरून दिसतं ते प्रेअरी नव्हेच, म्हणून तर हे लिहितेय. थोडं लांबेल.

आपण शाळेत भूगोलात पाठ केलं होतं ना, प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड, डाऊन्स? त्यातली पहिली ही. या राज्याचं टोपणनावच प्रेअरी स्टेट आहे. एके काळी इथे सुमारे २ कोटी २० लाख एकरांवर उंच गवताचा माळ होता. त्यातला अस्सल, कधीच न नांगरलेला आज जेमतेम अडीच हजार एकर उरला आहे. तोही कुठे? जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत आणि रेल्वेच्या कडेला, जिथे नांगर पोचला नाही तिथे. खालची माती इतकी काळी आणि सकस निघाली की पोलादी नांगर आल्यावर काही दशकांत सगळं मक्याखाली गेलं. पाणथळींचंही तेच. जमिनीखाली नळ पुरून पाणी काढून दिलं, दहातल्या नऊ पाणथळी गेल्या.

आता जे दिसतं ते बरंचसं माणसांनी गुडघ्यावर बसून परत लावलेलं आहे. मी आठवड्यातून एकदा स्वयंसेवक म्हणून बिया गोळा करायला जाते. जुलैच्या शेवटी बिग ब्लूस्टेम नावाचं गवत माणसाच्या डोक्यावर जातं आणि त्याला तीन फाट्यांचा तुरा येतो. हे आपल्या ज्वारी-उसाच्या कुळातलं. आपल्याकडचं मारवेल, कुसळी ही त्याचीच भावंडं. कम्पास प्लांट म्हणून सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे. ते आपली पानं कडेवर उभी धरून उत्तर-दक्षिण लावतं, म्हणजे दुपारचं ऊन सपाट अंगावर येत नाही. मुळं खाली १५ फुटांपर्यंत जातात. त्याचं भावंड प्रेअरी डॉक. त्याच्या हत्तीच्या कानाएवढ्या पानाला ३५ अंशांच्या उन्हात गाल लावून बघा, गार लागतं.

गाडीतून हे दिसणार नाही. ताशी ३० किलोमीटरने सायकल मारलीत तरी नाही. ताशी दहाने जायला हवं.

इंदापूरकर
पाणकणीस, सुंदर प्रतिसाद. इकडे गावाकडून वाचतोय. आमच्या इंदापूर-सासवडच्या माळरानांचं हेच दुःख आहे. सरकारी कागदांत पडीक जमीन. जिथे लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक राहतो ती जमीन "पडीक" कशी? कुणी येऊन खड्डे काढून झाडं लावतो, फोटो काढतो, आणि माळ गेला. गवताला कुणी जंगल म्हणत नाही. तिकडे गवत परत लावायला माणसं गुडघ्यावर बसतात हे वाचून भरून आलं.

चिपळूणकर_
एक शंका. मी मागच्या नोव्हेंबरात तिथल्या एका माळावर लोकांनी स्वतःहून आग लावलेली पाहिली. पिवळे कोट घातलेली माणसं, पाण्याच्या टाक्या, सगळं रीतसर. आमच्याकडे सह्याद्रीत वणव्यांविरुद्ध घसा कोरडा करून बोलतो आपण, आणि इथे ते संवर्धन?

पाणकणीस
प्रश्न रास्त आहे. फरक जागेचा आहे. प्रेअरीच्या गवताचा वाढीचा कोंब जमिनीखाली असतो. वरचं वाळकं जळलं की काळ्या जमिनीला ऊन मिळतं आणि तीन आठवड्यांत हिरवं फुटतं. आग बंद झाली की झुडपं शिरतात, मग झाडं, आणि माळ संपतो. इथले मूळ रहिवासी शेकडो वर्षं असं जाळत आले. तरीही सगळं एकदम जाळत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी जाळतात, म्हणजे किड्या-फुलपाखरांना पळायला शेजारचा तुकडा राहतो. वारा, दमटपणा बघून दिवस ठरतो. सह्याद्रीचं जंगल वेगळं, तिथे रोपटी, पक्ष्यांची घरटी, सगळं होरपळतं. इथलं उदाहरण देऊन तिकडच्या वणव्याचं समर्थन कुणी करू नये.

चिपळूणकर_
पटलं. शेवटचं वाक्य आमच्या गावच्या फळ्यावर लिहितो.

गोंदियाकर
पाणथळ बघायची असेल तर उत्तरेला लेक काउंटीत डेस प्लेन्स नदीची वाट. विस्कॉन्सिनच्या सीमेजवळून सुरू होते, काउंटीतच ३१ मैल आहे, आणि रस्त्यांच्या खालून बोगदे काढलेत, त्यामुळे सिग्नलला उभं राहावं लागत नाही. वॅड्सवर्थच्या बाजूला पाणथळ पुन्हा तयार केली आहे. पावसाळी आठवड्यात मात्र ते बोगदे पाण्याखाली जातात, आधी चौकशी करून जा.

तिथे मी सँडहिल क्रेनची जोडी आणि मध्ये तांबूस पिल्लू पाहिलं. करड्या अंगाचे, कपाळावर लाल टिळा, माणसाच्या छातीपर्यंत उंच. हे आमच्या सारसाचे सख्खे भाऊबंद, एकाच प्रजातीगटातले. लहानपणी धानाच्या बांधीत सारस बघत मोठा झालो, आता गोंदियाला मोजकेच उरलेत. इथे तो आवाज ऐकला आणि सायकल आडवी टाकून अर्धा तास बसलो. बायको पुढे तीन मैल गेली होती.

डबलसीट
बायकोचं पुढे काय झालं ते सांगा.

गोंदियाकर
परत आली. तीही बसली.

सुमेधा_जी
जूनमध्ये पाणथळीजवळून जाणार असाल तर लाल खांद्याच्या काळ्या पक्ष्याची सूचना देऊन ठेवते. रेड विंग्ड ब्लॅकबर्ड. पाणकणसांत घरटं करतो (आयडीवाल्या ताईंनी हलकेच घ्या) आणि नर मागून येऊन थेट हेल्मेटवर टोच मारतो. घाबरून हात हलवू नका, तोल जातो. सरळ चालत राहा, त्याची हद्द संपली की तो परत जातो. वाट सोडून गवतात शिरू नका, गोचीड लागते. घरी आल्यावर घोटे, गुडघ्यामागे, पट्ट्याच्या जागी बघायचंच. आणि तीन-तीन पानांच्या चकचकीत वेलीला हात लावू नका, आठवडाभर खाज.

परळचा_गण्या
इतक्या वेळात इलिनॉय प्रेअरी पाथचं नाव कसं नाही आलं? मला त्याचा इतिहास फार आवडतो, लोकलवाल्या माणसाला आवडणारच.

ती वाट म्हणजे जुनी विजेची रेल्वे. शिकागो, अरोरा अँड एल्जिन. रोज हजारो लोक तिने शहरात कामाला जात. ३ जुलै १९५७ ला भर दुपारी कंपनीने प्रवासी गाड्या बंद केल्या. सकाळी जे ऑफिसला गेले होते, ते संध्याकाळी स्टेशनवर आले तर गाडीच नाही! चर्चगेटला असं झालं तर काय होईल याचा विचार करा. पुढे रूळ उखडले आणि पट्टा ओसाड पडला. १९६३ मध्ये मे वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी शिकागो ट्रिब्यूनला पत्र लिहिलं, की ही जागा इमारतींखाली जाण्याआधी चालायला, सायकलला ठेवा. त्या लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये शिकवत. तेव्हा ७० वर्षांच्या होत्या. रेल्वेची जागा वाट म्हणून वापरण्याच्या देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. आज साधारण ६० मैलांची वाट आहे, व्हीटनला फाटे फुटतात. रेल्वेचा चढ असतो तेवढाच चढ, म्हणजे गुडघ्याला कळतही नाही.

अदितीताई, तुमच्या बाबांचं वय आणि त्या बाईंचं तेव्हाचं वय जवळजवळ एकच, हे त्यांना सांगा.

हेमंत_बटाविया
वा, हे माहीत नव्हतं. मी रोज त्या वाटेने जातो.

माझी अजून एक भर. आमच्या गावाला लागून फर्मीलॅब ही अणूहून लहान कणांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, आवारात सायकलने जाता येतं. फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं आणि नियम बदलत असतात, आधी बघून घ्या. पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी १९६९ मध्ये तिथे बायसन आणले, आजही कळप आहे. १९७५ पासून रॉबर्ट बेट्झ या प्राध्यापकांनी कण-त्वरकाच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) गोल कड्याच्या आत प्रेअरी पेरायला घेतली. २०११ पर्यंत त्या कड्यात खाली प्रोटॉन पळायचे आणि वर गवत उगवायचं; आता गवत तेवढं राहिलंय.

राधानगरी_एक्स्प्रेस
बायसन म्हणजे आपला गवाच ना?

पाणकणीस
नाही, गव्याला इंग्रजीत इंडियन बायसन म्हणायची सवय आहे त्यामुळे घोळ होतो. गवा जंगलातला, तुळतुळीत काळा, पांढरे पायमोजे. अमेरिकन बायसन माळावरचा, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, पुढच्या अंगावर दाट लोकर. तो चरतो तेव्हा गवतच जास्त खातो आणि फुलझाडं बरीचशी सोडतो, त्यामुळे फुलांना जागा मिळते.

श्रीरंग
पाणकणीस, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून शनिवारी मुलीला घेऊन नेपरव्हिलच्या स्प्रिंगब्रूक प्रेअरीला गेलो. १८०० एकर आणि माझ्या घरापासून बारा मिनिटांवर. १९ वर्षांत एकदाही आत गेलो नव्हतो. सावली अजिबात नाही, टोपी न्या, पाणी न्या. एका फलकावर वाचलं की तिथला ओढा शेतीसाठी कधीतरी सरळ करून टाकला होता, तो पुन्हा वळणावळणाने खोदून वाहता केला. मुलगी म्हणाली, "बाबा, ओढ्याला त्याची वळणं परत दिली?" माझी वरची कमेंट मागे घेतो.

चक्रधारी
मीही २० मैलांचा आग्रह मागे घेतो. पण पाच तरी करा.

अदिती_नेपरव्हिल
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यांना बरोबर घेऊन गेले की इथे येऊन लिहीन.

जोलिएटची_माई
उशिरा आले धाग्यावर. अदिती, बाबा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते असं लिहिलंस, तर त्यांना मिडेविनला ने. आमच्या जोलिएटच्या दक्षिणेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना होता. ५ जून १९४२ च्या स्फोटात तिथले ४८ कामगार गेले. कारखाना बंद पडल्यावर १९९६ मध्ये ती जमीन राष्ट्रीय प्रेअरी म्हणून वनखात्याकडे आली, १८ हजार एकरांच्या वर. २०१५ पासून तिथेही बायसन आहेत. दारूगोळा साठवायची मातीने झाकलेली कोठारं अजून रांगेने उभी आहेत. काही वाटांवर सायकल चालते, पण खडी आणि गवत आहे, रुंद टायरच हवेत.

अदिती_नेपरव्हिल
मंडळी, ऑगस्ट संपत आला. लिहायचं राहून गेलं होतं, आज बसलेच.

पहिला दिवस घराजवळच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. बाबांनी खाली दांडीची सायकल बघून सुमेधाताईंच्या सासऱ्यांचंच वाक्य म्हटलं, शब्दन् शब्द. मग बसले. पहिले दहा फूट हँडल थरथरलं, नंतर त्यांनी घंटी वाजवली आणि गेले. आई माझा दंड धरून उभी होती, तो सोडायला तिला वेळ लागला.

बटाविया ते जिनिव्हा आम्ही जून-जुलैत आठ वेळा केलं. आई पवनचक्कीपाशी थर्मास आणि पोह्यांचा डबा घेऊन बसायची. एकदा तिने वाटेकडेच्या जांभळ्या फुलांच्या झाडाचं पान न तोडता बोटात चोळलं आणि ओरडली, "अगं, ओवा!" पाणकणीस, ते काय होतं?

आणि माई, तुमचं ऐकलं. मागच्या आठवड्यात मिडेविनला गेलो. सायकल फार चालवली नाही, दोनेक मैल. बायसन दुर्बिणीतून ठिपक्यांएवढे दिसले. कोठारांपाशी आल्यावर बाबा उतरले. "ही मॅगझिनं," म्हणाले. मग हाताने दाखवायला लागले, एकमेकांपासून इतकी लांब का, वर माती का, दार कुठल्या बाजूला आणि का. एक उडालं तरी दुसरं उडू नये म्हणून. इतकी वर्षं ते कामावर जायचे, पण तिथे काय करायचे ते मी कधी विचारलंच नव्हतं. अर्धा तास बोलत होते. त्या ४८ जणांचं मी सांगितलं तेव्हा टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले. कोठाराच्या वरच्या मातीत बिग ब्लूस्टेम होतं, तीन फाट्यांचं. मी ओळखलं, आणि त्यांना दाखवलं.

परतायची तिकिटं १४ सप्टेंबरची आहेत. त्याआधी चक्रधारी यांचे पाच मैल एका दमात करायचं बाबांनी ठरवलंय. येत्या मंगळवारी सकाळी साडेसातला बटावियाच्या नदीकाठावरून निघतोय. कुणाला यायचं असेल तर या.

पाणकणीस
ते वाइल्ड बरगॅमॉट. ओव्यात असतं तेच थायमॉल त्यात असतं, आईंचं नाक पक्कं आहे. मी येते मंगळवारी.

चक्रधारी
मीही. हळू चालवीन.

श्रीरंग
मुलीला शाळा आहे, मी एकटा येतो. आईंना सांगा, चहा मी आणतो.